लाँचर की लिंक? लिनक्स नेटबुकच्या डेस्कटॉपवर नेमकं काय ठेवायचं

बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत चार्जर बदलून घेतलेली किंवा माळ्यावरून खाली काढलेली जुनी नेटबुकं पुण्यात अजून वापरात दिसतात. १०२४ बाय ६०० चा पडदा, इंटेल ॲटम एन२७० प्रोसेसर, १ जीबी रॅम. एवढ्यावर आजचं विंडोज चालत नाही, म्हणून एमएक्स २३ किंवा डेबियन १२ ही लिनक्सची रूपं चढवतात. एन२७० हा ३२ बिटचा प्रोसेसर आहे आणि २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला ३२ बिटच्या पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही, म्हणून १२ वर थांबावं लागतं. यंत्र सुरू झालं की वापरणाऱ्याची पहिली मागणी ठरलेली असते: फायरफॉक्स ब्राउझर आणि लिबरऑफिसमधला लिहायचा प्रोग्राम रायटर समोर डेस्कटॉपवर हवेत.

गोंधळ इथेच सुरू होतो. डेस्कटॉपवर चिन्ह आणायचे दोन मार्ग आहेत, लाँचर आणि लिंक. दिसायला दोन्ही सारखी, दोन्हींवर दोनदा टिचकी मारायची, आणि बोलताना दोन्हींना ‘शॉर्टकट’च म्हणतात. ही सवय विंडोजमधली. तिथल्या शॉर्टकट फाइलमध्ये प्रोग्रामचा पत्ता, त्याला द्यायचे पर्याय, सुरुवातीचा फोल्डर आणि चिन्ह असं सगळं एकत्र असतं. लिनक्समध्ये ही कामं दोन वेगळ्या वस्तूंमध्ये वाटली गेली आहेत. लिंकमध्ये वस्तू कुठे आहे एवढंच लिहिलेलं असतं. लाँचरमध्ये काय चालवायचं, कसं चालवायचं आणि कोणत्या नावाने दाखवायचं हे लिहिलेलं असतं. म्हणून ॲप्लिकेशनसाठी लाँचर आणि फाइल किंवा फोल्डरसाठी लिंक, हा नियम जवळजवळ प्रत्येक वेळी लागू पडतो. तो मोडला की काय होतं, ते पुढे येईलच.

लिनक्सवर खिडक्या, मेनू आणि चिन्हं दाखवणाऱ्या डेस्कटॉप प्रणाली अनेक आहेत; खालच्या पायऱ्या त्यांतल्या एक्सएफसीईच्या आहेत. कमी रॅमच्या यंत्रावर तोच बरा. फाइलींतली आणि टर्मिनलमधली (आज्ञा टाइप करायच्या खिडकीतली) नावं इथे देवनागरीत दिली आहेत. यंत्रावर ती रोमन अक्षरांतच टाइप करायची, आणि लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पाळायचा.

लाँचरच्या पोटात काय असतं

लाँचर ही साधी मजकुराची फाइल असते आणि तिच्या नावाचा शेवट डॉट डेस्कटॉप असा होतो. माउसपॅड किंवा कोणत्याही एडिटरमध्ये ती उघडून वाचता येते. पहिली ओळ चौकटी कंसात ‘डेस्कटॉप एंट्री’. ती नसली तर फाइल लाँचर म्हणून ओळखलीच जात नाही. त्याखाली ‘टाइप’, ज्याच्यापुढे ‘ॲप्लिकेशन’ लिहायचं, ‘नेम’ म्हणजे चिन्हाखाली दिसणारं नाव, ‘एक्झेक’ म्हणजे चालवायची आज्ञा, ‘आयकॉन’, आणि टर्मिनलची खिडकी हवी की नको हे सांगणारी ‘टर्मिनल’ अशी ओळ. हा आराखडा लिनक्स डेस्कटॉपचे सामाईक नियम ठरवणाऱ्या फ्रीडेस्कटॉप डॉट ऑर्गने ठरवलेला असल्यामुळे एक्सएफसीई, मेट, सिनॅमन, केडीई सगळीकडे तोच चालतो.

‘एक्झेक’ची ओळ हा लाँचरचा जीव. रायटरचं उदाहरण घ्या. त्याच्या लाँचरमध्ये आज्ञा असते लिबरऑफिस, पुढे दोन डॅश आणि रायटर, पुढे टक्केचिन्ह आणि मोठं यू. मधला पर्याय सांगतो की लिबरऑफिसचं मुखपान नको, थेट रायटर हवा. शेवटचं टक्के-यू सांगतं की चिन्हावर एखादी फाइल ओढून सोडली तर ती त्यातच उघड. ते गाळलं तर चिन्ह चालतं, पण फाइल ओढून सोडल्यावर कोरा रायटर उघडतो.

नेटबुकवर आणखी एक ओळ फार महत्त्वाची आहे: ‘स्टार्टअपनोटिफाय’, आणि तिच्यापुढे ‘ट्रू’. ॲटमवर लिबरऑफिस उघडायला बराच वेळ घेतं. ही ओळ असली तर तेवढा वेळ माउसचा बाण कामात असल्याचं दाखवतो. नसली तर पडदा स्तब्ध राहतो, टिचकी लागली नाही असं वाटतं, माणूस पुन्हा टिचकी मारतो, आणि १ जीबी रॅमवर एकाच प्रोग्रामच्या दोन खिडक्या एकमेकींना अडवत बसतात. ‘नेटबुक हँग होतं’ अशी तक्रार आली की आधी ही ओळ तपासावी.

लाँचर डेस्कटॉपवर आणण्याची सर्वांत सोपी रीत: व्हिस्कर मेनू (एक्सएफसीईचा प्रोग्रामांचा मेनू) उघडा, प्रोग्रामच्या नावावर उजवी टिचकी, ‘ॲड टू डेस्कटॉप’. मेट आणि सिनॅमनच्या मेनूंतही असाच पर्याय आहे. यात मूळ लाँचरची नक्कल डेस्कटॉपवर येते. मूळ फाइल यूएसआर, शेअर, ॲप्लिकेशन्स या वाटेवर असते. स्वतःपुरते केलेले लाँचर होम फोल्डरमधल्या डॉट लोकल, शेअर, ॲप्लिकेशन्स इथे ठेवतात.

मेनूत नसलेला प्रोग्राम असेल तर डेस्कटॉपच्या रिकाम्या जागी उजवी टिचकी, ‘क्रिएट लाँचर’. नाव, आज्ञा, वर्किंग डिरेक्टरी (प्रोग्रामने ज्या फोल्डरमधून काम करायचं तो) आणि चिन्ह भरा, ‘यूज स्टार्टअप नोटिफिकेशन’वर खूण करा. नाव मराठीत दिलं तरी चालतं. आजोबांसाठी ‘फायरफॉक्स’ऐवजी ‘इंटरनेट’ लिहिणं जास्त उपयोगाचं. ६०० पिक्सेल उंचीच्या पडद्यावर एखाद्या खिडकीचं खालचं बटण दिसेनासं झालं, तर ऑल्ट दाबून धरा आणि खिडकी कुठेही पकडून वर ओढा.

लिंक कुठे शोभते

लिंक, तिचं पूर्ण नाव सिंबॉलिक लिंक, ही एक नोंद असते आणि तिच्यात फक्त एक वाट लिहिलेली असते. नाव, पर्याय, टर्मिनलची सोय, यातलं काहीही तिच्यात मावत नाही. पण जिथे वाटेपलीकडे काही लागतच नाही, तिथे लिंकला तोड नाही. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ ‘दहावी’ नावाच्या फोल्डरमध्ये आहेत, किंवा सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसणाऱ्या विद्यार्थ्याचे राज्यसेवेचे जुने पेपर एका फोल्डरमध्ये आहेत. तो फोल्डर डेस्कटॉपवर हवा तर लिंकच करावी. थुनार या एक्सएफसीईच्या फाइल मॅनेजरमध्ये फोल्डरवर उजवी टिचकी, ‘सेंड टू’, मग ‘डेस्कटॉप, क्रिएट लिंक’. चिन्हाच्या कोपऱ्यात छोटा बाण दिसला की लिंक झाली.

टर्मिनलमधून करायची तर आज्ञा एलएन, पर्याय डॅश एस, मग मूळ फोल्डरची पूर्ण वाट, मग डेस्कटॉपची वाट. ‘पूर्ण’ या शब्दावर जोर आहे. होम फोल्डरमध्ये उभं राहून नुसतं ‘दहावी’ लिहिलं तर लिंकमध्ये तेवढाच शब्द साठतो, आणि तो शब्द लिंक जिथे आहे तिथून, म्हणजे डेस्कटॉपवरून, शोधला जातो. डेस्कटॉपवर ‘दहावी’ नावाचं दुसरं काही नसतं, त्यामुळे लिंक जन्मतःच तुटलेली निघते. आज्ञा मात्र एक शब्दही तक्रार करत नाही.

संगणक मराठीत ठेवला असेल तर डेस्कटॉप फोल्डरचं नावही मराठीत असू शकतं. एक्सडीजी-यूजर-डिर ही आज्ञा देऊन पुढे मोठ्या अक्षरांत डेस्कटॉप लिहा. खरी वाट छापून येते.

ॲप्लिकेशनची लिंक केली तर

यूएसआर, बिन मधल्या लिबरऑफिसची लिंक डेस्कटॉपवर केली असं समजा. पहिली गोष्ट, चिन्ह प्रोग्रामचं न येता कुठल्याही चालवता येणाऱ्या फाइलचं सरसकट चिन्ह येतं, कारण आयकॉनचं नाव लाँचरमध्ये असतं, प्रोग्रामच्या फाइलमध्ये नसतं. दुसरी, लिंक चालली तरी रायटर न उघडता लिबरऑफिसचं मुखपान उघडतं, कारण डॅश-डॅश-रायटर लिहायला लिंकमध्ये जागाच नाही. तिसरी, बाण कामात असल्याचं दाखवत नाही. एचटॉपसारखा टर्मिनलमध्ये चालणारा प्रोग्राम असेल तर टिचकी मारल्यावर डोळ्यांना काहीच दिसत नाही. तो सुरू होतो, त्याला टर्मिनल सापडत नाही, आणि तो बंद पडतो.

सर्वांत चकवणारी अडचण स्वतः उतरवून घेतलेल्या प्रोग्रामांची. पायथनची एखादी स्क्रिप्ट शेजारच्या फोल्डरमधली चित्रं किंवा डेटा वाचत असते. टर्मिनलमध्ये त्या फोल्डरमधून चालवली की नीट चालते, डेस्कटॉपवरच्या लिंकवरून चालवली की ‘फाइल सापडत नाही’ म्हणते. ती फाइली डेस्कटॉपवर शोधत असते. लाँचरमध्ये यासाठीच ‘पाथ’ ही ओळ आहे, खिडकीतली ‘वर्किंग डिरेक्टरी’ ती हीच. तिथे स्क्रिप्टचा फोल्डर भरला की प्रश्न मिटतो.

मधला मार्ग: डॉट डेस्कटॉप फाइलचीच लिंक

काही जण मूळ लाँचरची नक्कल न करता त्याची लिंक करतात. यात एक खरा फायदा आहे. पॅकेज अपडेट होऊन मूळ लाँचरमधली आज्ञा बदलली तर लिंकला ती आपोआप मिळते. नकलेत जुनीच आज्ञा राहते. पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. डेस्कटॉपवरचा लाँचर चालवायला फाइलवर ‘चालवण्याची परवानगी’ लागते, आणि लिंकच्या बाबतीत ही परवानगी मूळ फाइलची बघितली जाते. ती फाइल रूटच्या, म्हणजे यंत्राच्या प्रशासकाच्या, मालकीची, त्यामुळे ‘लाँचरवर भरवसा नाही’ अशी सूचना आली तर साध्या वापरकर्त्याला तिथे खूण करता येत नाही. दुसरं, अशी लिंक एडिटरमध्ये उघडून नाव बदलायला गेलात तर बदल मूळ फाइलमध्येच करावा लागतो, आणि साध्या वापरकर्त्याला तो जतन करता येत नाही. नेटबुकवर नक्कलच करावी. अपडेटनंतर चिन्ह बंद पडलंच तर काढून मेनूतून पुन्हा आणायला काही क्षण लागतात.

दोन्ही एकत्र वापरायची जागा मात्र वेगळी आहे. एन४५० किंवा त्यापुढच्या ६४ बिटच्या ॲटमवर ॲपइमेज, म्हणजे इन्स्टॉल न करता एकाच फाइलमधून चालणारे प्रोग्राम, चालवता येतात. त्यांच्या फाइलच्या नावातच बहुधा आवृत्तीचा आकडा असतो, त्यामुळे नवी आवृत्ती आणली की लाँचरमधली वाट चुकते. अशा वेळी आकडा नसलेल्या नावाची एक लिंक ॲपइमेज ठेवलेल्या फोल्डरमध्येच करा आणि लाँचरच्या ‘एक्झेक’मध्ये त्या लिंकची वाट लिहा. नवी फाइल आली की तिला चालवण्याची परवानगी द्या आणि एलएन, डॅश एसएफएन या आज्ञेने लिंक तिच्याकडे वळवा. लाँचरला हात लावावा लागत नाही.

नावावरून फसवणारी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. डेस्कटॉपच्या त्याच मेनूत ‘क्रिएट यूआरएल लिंक’ असतं. महापालिकेच्या मिळकतकराचं पान एका टिचकीत उघडायचं असेल तर हेच वापरायचं. पण ही सिंबॉलिक लिंक नाही. ती डॉट डेस्कटॉप फाइलच असते, फक्त तिच्यात ‘टाइप’पुढे ‘लिंक’ लिहिलेलं असतं आणि ‘एक्झेक’च्या जागी ‘यूआरएल’.

चालत नाही तेव्हा

लाँचर हाताने लिहिला असेल तर आधी ‘एक्झेक’ची ओळ बघा. टर्मिनलमध्ये होम फोल्डरसाठी वापरायचं लहरीचं चिन्ह, म्हणजे टिल्ड, इथे चालत नाही. पूर्ण वाट लिहावी लागते. दोन आज्ञा जोडणारी ॲम्परसँडची जोडी किंवा पाइपही चालत नाही. तसं काही हवंच असेल तर छोटी स्क्रिप्ट करून तिची वाट द्यावी. वाटेत रिकामी जागा असेल तर सगळी वाट दुहेरी अवतरणात घालावी. फाइल विंडोजवर लिहून पेनड्राइव्हवरून आणली असेल तर ओळींच्या शेवटी एक अदृश्य अक्षर जास्त येतं आणि त्याने अडचण येऊ शकते. शिवाय नोटपॅडने फाइलच्या नावाच्या शेवटी टीएक्सटी चिकटवलेलं असू शकतं.

टिचकी मारल्यावर प्रोग्रामऐवजी फाइलचा मजकूर उघडला किंवा भरवशाबद्दल विचारणा झाली, तर परवानगी नाही. उजवी टिचकी, ‘प्रॉपर्टीज’, ‘परमिशन्स’, आणि प्रोग्राम म्हणून चालवू देण्याच्या चौकोनात खूण. फाइलमध्ये नंतर बदल केला तर एक्सएफसीईच्या नव्या आवृत्त्या पुन्हा एकदा विचारतात. लाँचर आपलाच असेल तर होकार द्यावा, अनोळखी असेल तर आधी ‘एक्झेक’ वाचावं.

प्रोग्राम काढून टाकल्यावर लाँचरची नक्कल तशीच मागे राहते आणि टिचकीला ‘अशी फाइल नाही’ म्हणते. मूळ फोल्डरचं नाव बदललं तर लिंक तुटते. दोन्ही सरळ काढून टाका. चिन्ह डिलीट केल्याने मूळ प्रोग्राम किंवा मूळ फोल्डर जात नाही. फोल्डरच्या लिंकमधून आत शिरून एखादी फाइल डिलीट केली मात्र, तर ती खरीच जाते. परीक्षेच्या आदल्या दिवशी डेस्कटॉप आवरणाऱ्यांनी हे विसरू नये. पेनड्राइव्हवर बॅकअप घेतानाही तपासून घ्यावं. पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो आणि त्यावर सिंबॉलिक लिंक ठेवताच येत नाही. फाइल मॅनेजर चूक दाखवतो किंवा ती लिंक गाळतो, म्हणून नकलेसाठी नेहमी मूळ ‘दहावी’ फोल्डर उचलावा.