गाठ टणक, पण पेशी?
कॅन्सरची गाठ हाताला टणक लागते, म्हणून तिच्यातल्या पेशीही टणक, हा समज जुना आहे. टणकपणा बराचसा भोवतीच्या कोलॅजन या चिवट प्रथिनाच्या जाळ्याचा. सुटी मोजली तर कॅन्सरची पेशी अनेकदा निरोगी पेशीपेक्षा मऊच भरते.

मग जितकी मऊ तितकी पसरणारी? तेही सरसकट खरं नाही. मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या काही पेशींत फिलॅमिन-ए हे प्रथिन नसतंच. एरवी ते पेशीला आतून आधार देणारे ॲक्टिनचे धागे एकमेकांना बांधतं, मांडवाच्या वाशांना सुंभ बांधावं तसं. १९९२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या प्रयोगात अशा मऊ पडलेल्या पेशींच्या कडेला सारखे फुगे येत होते आणि त्यांना धड सरकताही येत नव्हतं. (खिळखिळ्या मांडवाची मिरवणूक काय निघणार!) प्रथिन परत आणल्यावर फुगे ओसरले, पेशी चालू लागल्या.