अल्बिनो बेडकांची पैदास आणि आनुवंशिक व्यंगे

ज्याच्या शरीरात मेलॅनिन हे काळे-तपकिरी रंगद्रव्य तयारच होत नाही, किंवा जेमतेम होते, तो अल्बिनो बेडूक. प्रयोगशाळांत आणि हौशी पाळणाऱ्यांकडे अशा बेडकांची पिढ्यान्‌पिढ्या पैदास केली जाते. या पैदाशीत वाकडा कणा, काडीसारखे पाय, अधू डोळे, पाणी भरून फुगलेले अंग अशी व्यंगे मधूनच डोके वर काढतात आणि दोष पांढऱ्या रंगावर ढकलला जातो. रंग हा बहुधा एकाच जनुकाचा मामला असतो. व्यंगे येतात ती एकाच घराण्यात सोयरिकी करत राहिल्याने, नाहीतर टाकीतले पाणी, अन्न आणि गर्दी यांमुळे. या दोन कारणांतले नेमके कोणते, हे ओळखणे हेच या पैदाशीतले खरे काम आहे.

बेडकाच्या कातडीत रंगपेशींचे तीन थर असतात. वरच्या थरात पिवळ्या-तांबड्या रंगाच्या पेशी, मधल्यात प्रकाश परतवणाऱ्या चमकदार पेशी आणि तळाशी मेलॅनिनच्या पेशी. अल्बिनो बेडकात फक्त मेलॅनिन नसते, बाकीचे दोन थर शाबूत असतात. त्यामुळे तो खडूसारखा पांढरा असेलच असे नाही. दक्षिण अमेरिकेतला शिंगवाला बेडूक (सेराटोफ्रिस क्रॅनवेली) अल्बिनो निपजला की पिवळाधमक आणि नारिंगी नक्षीचा दिसतो. पाळीव प्राण्यांच्या बाजारात त्याला मागणी आहे ती याच रूपामुळे. अल्बिनोची भरवशाची खूण डोळ्यात असते. रंगद्रव्य नसल्याने आतल्या रक्तवाहिन्या दिसतात आणि डोळा लालसर भासतो. अंग फिके पण डोळे काळे असा बेडूक अल्बिनो नव्हे. महाराष्ट्रात पहिल्या पावसात डबक्यांवर जमणारे पिवळेजर्द बेडूकही अल्बिनो नसतात. ते भारतीय बैल-बेडकाचे नर. विणीच्या हंगामापुरता त्यांचा रंग पालटतो आणि गळ्याच्या फुग्या निळ्या होतात.

सर्वांत जास्त अभ्यास झाला आहे तो आफ्रिकी नखवाल्या बेडकाच्या, म्हणजे झेनोपस लीविसच्या, अल्बिनो वाणाचा. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडचा हा बेडूक आयुष्यभर पाण्यात राहतो. त्याला जीभ नसते आणि मागच्या पायांच्या तीन बोटांना काळी नखे असतात. तो जगभर पसरला त्यामागे एक चमत्कारिक कारण आहे. १९३०च्या सुमारास केपटाऊनमध्ये संशोधक लॅन्सलॉट होगबेन यांना दिसले की मेंदूखालच्या पोषग्रंथीचा (पिट्युटरीचा) अर्क टोचला की या बेडकाची मादी अंडी घालते. त्यातून गर्भचाचणी निघाली. बाईची लघवी मादीला टोचायची. गर्भ असेल तर त्यातल्या संप्रेरकामुळे मादी काही तासांत अंडी घाली. प्रतिपिंडांवर आधारलेल्या चाचण्या येईपर्यंत, म्हणजे साधारण १९६०च्या दशकापर्यंत, हे बेडूक देशोदेशीच्या दवाखान्यांत ठेवले जात. आज पैदाशीसाठी मादीला जे एचसीजी टोचतात, ते तेच गर्भारपणातले संप्रेरक.

या जातीतला प्रयोगशाळांत सर्रास वापरला जाणारा अल्बिनो वाण मॉस्कोच्या संशोधक होपरस्काया यांनी १९७५ मध्ये वर्णन केला. त्याला ‘नियतकालिक अल्बिनो’ म्हणतात, कारण अंडे आणि भ्रूण पूर्ण रंगहीन असले तरी बेडूकमाशाच्या अवस्थेत थोडे मेलॅनिन उमटते आणि मोठेपणी पुन्हा नाहीसे होते. २०२१ मध्ये जपानमधल्या संशोधनाने याचे मूळ एचपीएस-४ या जनुकातला तुकडा गळण्यात असल्याचे दाखवले. माणसात हेच जनुक बिघडले तर हर्मान्स्की-पुडलॅक हा विकार होतो. त्यात कातडी फिकी पडते आणि रक्तही लवकर गोठत नाही. जपानी बेडकांच्या काही जातींत मात्र अल्बिनोपणा वेगळ्याच, टायरोसिनेज नावाच्या, जनुकातल्या बिघाडाने येतो. म्हणजे दोन अल्बिनो बेडूक दिसायला सारखे, पण आतून निराळे असू शकतात. अशा दोन निराळ्या कारणांच्या एकाच जातीच्या अल्बिनोंचा जोडा लावला तर पिल्ले चक्क गडद निघतात.

पैदाशीत नवख्याला चकवते ते अंडे. झेनोपसचे अंडे सव्वा मिलिमीटरच्या आसपास, वरचा अर्धा भाग तपकिरी, खालचा फिका. हा तपकिरी रंग अंड्यात आई भरते, पिल्लाच्या जनुकांचा त्यात काही हात नसतो. म्हणून अल्बिनो मादी आणि अल्बिनोपणाचे जनुक नसलेला गडद नर यांचा जोडा लावला की अंडी साबुदाण्यासारखी पांढरी पडतात, पण दोन-तीन दिवसांत भ्रूणाच्या डोळ्यांत काळे ठिपके उमटतात आणि पुढे सगळी पिल्ले गडद होतात. उलट गडद पण वाहक, म्हणजे अल्बिनोपणाचे जनुक लपवून बाळगणाऱ्या, मादीची अंडी तपकिरीच असतात, मग आतली काही पिल्ले अल्बिनो का असेनात. अंड्यांचा रंग पाहून पिल्लांचा हिशेब मांडणाऱ्याची फसगत ठरलेली.

अल्बिनोपणा अप्रभावी आहे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच तो दिसतो. दोन वाहकांच्या पिल्लांत साधारण चौथा हिस्सा अल्बिनो निघतो आणि गडद भावंडांपैकी दोनतृतीयांश गुपचूप वाहक असतात. गोची इथेच होते. अल्बिनो बेडूक निसर्गात क्वचित सापडतो, त्यामुळे त्याचा वाण बहुतेकदा एकदोन मूळ जनावरांपासून उभा राहतो. रंग पक्का करायचा म्हणून भावाबहिणींचे जोडे लावले जातात. सख्ख्या भावंडांच्या एका पिढीने अंतःप्रजनन गुणांक २५ टक्के होतो, दुसऱ्या पिढीत ३७.५ आणि तिसऱ्यात ५० टक्के. या गुणांकाचा अर्थ असा की जनुकांच्या तितक्या जोड्यांत आईकडची आणि बापाकडची प्रत एकाच पूर्वजाची असते. मूळ जोडीत झाकून राहिलेले प्रत्येक दोषी जनुक अशा रीतीने उघड्यावर येण्याची संधी मिळवते. एखादे दोषी जनुक रंगाच्या जनुकाला लागूनच त्याच गुणसूत्रावर असेल तर पांढरी पिल्ले निवडताना तेही आपसूक निवडले जाते, आणि मग पांढरेपणाच रोगट आहे असा समज पक्का होतो.

असे झाकलेले जनुक कसे वागते याचा नमुना ऑक्सफर्डमध्ये सापडला, तोही याच जातीत. १९५८ मध्ये एल्सडेल, फिशबर्ग आणि स्मिथ यांनी असे बेडूक नोंदवले, ज्यांच्या पेशीकेंद्रकात नेहमीच्या दोनऐवजी एकच केंद्रिका, म्हणजे रायबोसोम घडवणारा ठिपका, होती. हे बेडूक ठणठणीत होते. त्यांचे आपसांत जोडे लावल्यावर मात्र चौथा हिस्सा भ्रूणांत एकही खरी केंद्रिका नसे. ते भ्रूण अंड्यातून बाहेर येत, काही दिवस पोहत आणि खायला लागण्याआधीच मरत. १९६४ मध्ये ब्राउन आणि गर्डन यांनी दाखवले की त्यांना रायबोसोमचे, म्हणजे पेशीतल्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेचे, आरएनए बनवताच येत नाही. जगतात ते आईने अंड्यात भरून दिलेल्या शिदोरीवर. अंड्याच्या रंगाची गोष्ट हीच, फक्त इथे शिदोरी संपली की जीवच जातो. म्हणून एखाद्या जोडीची पिल्ले दर वेळी ठरावीक दिवशी आणि चौथ्या हिश्शाने मरत असतील, तर पाण्याच्या आधी वंशावळीकडे पाहावे.

जपानमध्ये हिरोशिमा विद्यापीठाच्या मासायुकी सुमिदा यांनी २००७ मध्ये पारदर्शक बेडूक जाहीर केले. जपानी तपकिरी बेडकातली दोन अप्रभावी फिकी रूपे एकत्र आणून ते घडवले होते. कातडीतून काळीज, आतडी, मादीच्या पोटातली अंडी दिसत. हे बेडूक पैदासक्षम होते, पण त्यांच्या पुढच्या वंशात पिल्ले लवकर दगावतात असे सुमिदा यांनीच सांगितले होते. दिसायला देखणे दोष एकावर एक रचत गेले की किती लवकर हद्द गाठली जाते, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

आता दुसरी बाजू. जन्मतः असलेले प्रत्येक व्यंग आनुवंशिक नसते. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात सहलीला गेलेल्या शाळकरी मुलांना पाय नसलेले, जास्तीचे पाय फुटलेले बेडूक मोठ्या संख्येने सापडले आणि गहजब झाला. कीटकनाशकांपासून अतिनील किरणांपर्यंत सगळ्यांवर संशय गेला. १९९९ मध्ये प्रयोगाने सिद्ध झाले की रायबेरोइया नावाचा चपटा कृमी बेडूकमाशाच्या पायाच्या कोंभात शिरला की असेच जास्तीचे पाय फुटतात. टाकीत असा कृमी सहसा नसतो, तिथली कारणे साधी असतात. गर्दीच्या टाकीत काही जातींचे बेडूकमासे एकमेकांचे पाय कुरतडतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने भ्रूण बिघडतात. पोटात जास्त वेळ राहून शिळ्या झालेल्या अंड्यांतून वेडीवाकडी पिल्ले निघतात. कॅल्शियम आणि ड-जीवनसत्त्व कमी पडले की हाडे मऊ होऊन वाकतात. विषारी बाणबेडकांच्या पैदाशीत पुढचे पाय दोऱ्यासारखे बारीक निघण्याचा प्रकार प्रसिद्ध आहे, आणि त्यात आहार व पाणी यांचाच संशय जास्त घेतला जातो. ढोबळ अंदाजाला एक खूण उपयोगी पडते: दोन्ही बाजूंना सारखेच आणि भावंडांत एकाच तऱ्हेचे व्यंग असेल तर जनुकाचा संशय बळावतो; एकाच पायाला, प्रत्येक पिल्लात वेगळे असेल तर अपघाताचा. पण ही फक्त खूण आहे, पुरावा नव्हे.

पुरावा टाकी विभागून मिळतो. एका जोडीची ४०० अंडी घेतली तर २०० एका टाकीत आणि २०० दुसऱ्या टाकीत, वेगळ्या पाण्यावर आणि वेगळ्या खाद्यावर वाढवावीत. दोन्हीकडे पन्नासाच्या आसपास, म्हणजे चौथा हिस्सा, वाकडी निघाली तर जनुक. एकाच टाकीत निघाली तर ती टाकी. कुत्र्याच्या किंवा गाईच्या पैदासकाराला हे सुख नाही, त्याच्या हाती मोजकी पिल्ले असतात. बेडकाच्या एका विणीत शेकड्यांनी अंडी मिळतात.

संशयित बेडूक वाहक आहे का हेही असेच कळते. व्यंग असलेला बेडूक प्रौढ होत असेल तर त्याच्याशी जोडा लावावा. संशयित वाहक असेल तर निम्मी पिल्ले बाधित निघतात, आणि सात पिल्लांत एकही बाधित नसेल तर तो वाहक असण्याची शक्यता फार उरत नाही. वाहक असूनही अशी सातही धडधाकट निघण्याची शक्यता एक टक्क्याच्या आत असते. बाधित पिल्ले लहानपणीच मरत असतील तर ज्ञात वाहकाशी जोडा लावावा लागतो आणि तेवढ्याच खात्रीसाठी सतरा पिल्ले तपासावी लागतात.

दोष ठरला की वाण वाचवण्याचा मार्ग बाहेरच्या रक्तातून जातो. अल्बिनोचा जोडा त्याच जातीच्या, नात्यात नसलेल्या गडद बेडकाशी लावायचा. पहिली पिढी सगळी गडद येते आणि अनेक पैदासकार इथेच कंटाळतात, कारण गडद पिल्लांना भाव नसतो. खरे तर एकाच अल्बिनोला दोन वेगळे गडद जोडीदार देऊन, त्यांच्या पिल्लांचे, म्हणजे सावत्र भावंडांचे, जोडे लावले तर अल्बिनो पुन्हा मिळतात आणि गुणांक २५ ऐवजी १२.५ टक्क्यांवर राहतो. त्यासाठी वह्या नीट ठेवाव्या लागतात. दुकानातून आणलेल्या पांढऱ्या बेडकाला वंशावळ नसते, आणि एकाच दुकानातली जोडी सख्खी भावंडे असणे सहज शक्य आहे.

जी पिल्ले पोहू किंवा खाऊ शकत नाहीत त्यांना ट्रायकेनसारख्या भुलीच्या औषधाच्या जादा मात्रेने शांतपणे मारतात. शुद्धीत असताना बर्फात घालणे ही जुनी पद्धत आता क्रूर मानली जाते. व्यंग असलेल्या बेडकाची, किंवा त्याच्या निरोगी दिसणाऱ्या भावंडांची, विक्री पैदाशीसाठी करणे मात्र सर्रास चालते, आणि दोष एका गावातून दुसऱ्या गावात तसाच जातो.

नकोशी पिल्ले ओढ्यात किंवा तळ्यात सोडणे हा सर्वांत वाईट उपाय. झेनोपस कॅलिफोर्निया, चिली, फ्रान्स आणि सिसिलीत सोडलेल्या किंवा निसटलेल्या बेडकांतूनच पसरला. कॅलिफोर्नियात तो बाळगण्यावरच बंदी आहे. आपल्याकडच्या मत्स्यालयाच्या दुकानांतही हा पांढरा बेडूक विकायला असतो. तळ्यात सोडलेला पांढरा बेडूक बगळ्याला चटकन दिसतो. त्याच विणीतली गडद वाहक भावंडे दिसत नाहीत.