शोभिवंत झुडपांतील सहलागवड आणि रोगांचा धोका

सहलागवड : एका झाडाचा दुसऱ्याला उपयोग व्हावा या हेतूने वेगवेगळ्या वनस्पती शेजारी-शेजारी लावण्याची पद्धत. भाजीपाल्यात ती जुनी आहे. गुलाब, जास्वंद, रोडोडेंड्रॉन, कॅमेलिया, हायड्रेंजिया अशा फुलझुडपांत मात्र ती जास्त विचाराने करावी लागते. ही झुडपे एकाच जागी वर्षानुवर्षे उभी असतात, आणि चुकीची जोडी जमली तर तिचा त्रास दर हंगामात वाढत जातो.

सहलागवडीचा फायदा किडींच्या बाबतीत बऱ्यापैकी दिसतो. शेपू, बडीशेप, ॲलिसम यांच्या बारीक फुलांतला मकरंद आणि पराग खायला सिरफिड माश्या (फुलांवर घिरट्या घालणाऱ्या माश्या) येतात. त्यांच्या अळ्या गुलाबाच्या कोवळ्या शेंड्यांवरचा मावा फस्त करतात. झेंडूचे नाव सूत्रकृमींसाठी (मातीत राहून मुळांना इजा करणाऱ्या सूक्ष्म कृमींसाठी) घेतले जाते आणि त्याला आधार आहे, कारण त्याच्या मुळांत अल्फा-टरथायेनिल हे सूत्रकृमींना मारक द्रव्य असते. पण त्याचा खरा गुण मुख्य लागवडीआधी काही महिने सगळ्या वाफ्यात झेंडू दाट घेतला तरच दिसतो. झुडपाभोवती चार रोपे लावून फारसे काही साधत नाही. शिवाय झेंडूवर लाल कोळी आणि फुलकिडे सहज वाढतात आणि तिथून गुलाबावर जातात.

बुरशीजन्य रोगांबाबत बागकामात सांगितले जाणारे बरेचसे दावे कच्चे आहेत. गुलाबाशेजारी लसूण लावल्यास काळे ठिपके येत नाहीत, हा त्यातलाच एक. हा रोग डिप्लोकार्पॉन रोझी या बुरशीमुळे होतो. पानावर झालरीसारख्या कडेचा काळा ठिपका येतो, भोवतालचा भाग पिवळा पडतो आणि पान गळते. सुरुवात बहुधा खालच्या पानांपासून होते. बीजाणू रुजण्यासाठी पान सलग सुमारे 7 तास ओले राहावे लागते आणि पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर ते वर चढतात. म्हणजे बुंध्याशी दाट, उंच सोबती लावला की हवा खेळत नाही, पान उशिरा वाळते आणि रोगाला हवा तो वेळ मिळतो. भुरीचे (पानांवर पांढरी पूड दिसणाऱ्या बुरशीजन्य रोगाचे) उलट आहे : तिचे बीजाणू साचलेल्या पाण्यात नीट रुजत नाहीत, त्यांना दमट हवा आणि कोरडे पान मानवते. तरीही गर्दीचा लाभ दोन्ही रोगांना होतो.

सर्वांत मोठा धोका शेजारीच रोगाचा यजमान, म्हणजे रोगजंतू जिच्यावर जगतो ती वनस्पती, असण्यात आहे. काही तांबेऱ्यांना (तांबूस-नारिंगी पुटकुळ्या आणणाऱ्या बुरशीजन्य रोगांना) जीवनचक्र पुरे करायला दोन वेगळ्या वनस्पती लागतात. गव्हाच्या खोडावरच्या तांबेऱ्याची बुरशी (पक्सिनिया ग्रॅमिनिस) बार्बेरी या शोभेच्या काटेरी झुडपावर वसंतात नारिंगी, पेल्यासारख्या पुटकुळ्या उठवते आणि तिथले बीजाणू वाऱ्याने गव्हावर जातात. हा संबंध जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ अँटोन डी बारी यांनी 1865 मध्ये सिद्ध केला. 1918 पासून अमेरिकेत सामान्य बार्बेरी उपटण्याची मोठी मोहीम चालली. बुरशीचे लैंगिक प्रजनन बार्बेरीवर होत असल्याने तिथे तिचे नवे प्रकारही जन्मतात, म्हणून हे झुडूप नुसता मुक्कामाचा टप्पा समजणे चूक आहे. जपानी बार्बेरी मात्र या रोगाला प्रतिकारक आहे.

जिम्नोस्पोरँजियम या तांबेऱ्याच्या दुसऱ्या बुरशीचेही असेच आहे. ओल्या वसंतात ज्युनिपर या सूचिपर्णी झुडपावरच्या गाठींतून नारिंगी, जेलीसारखी शिंगे बाहेर येतात. त्यांतले बीजाणू हॉथॉर्न आणि क्विन्स या गुलाबाच्या कुळातल्या झाडांच्या पानांवर पडतात, तिथून दुसऱ्या प्रकारचे बीजाणू पुन्हा ज्युनिपरवर येतात. हॉथॉर्नवरून हॉथॉर्नवर हा तांबेरा पसरत नाही. त्यामुळे ज्युनिपर आणि ही झाडे शेजारी लावणे टाळावेच, पण बीजाणू काही किलोमीटर उडू शकत असल्याने बागेतला ज्युनिपर काढून रोग हमखास थांबेल असे नाही.

कधी वाहक स्वतः धडधाकट दिसतो. 2001 मध्ये वर्णन झालेला फायटॉप्थोरा रॅमोरम हा बुरशीसारखा रोगजंतू रोडोडेंड्रॉन आणि कॅमेलियाच्या पानांवर डाग व शेंडेमर एवढ्यावर थांबतो, पण तिथे तयार झालेले बीजाणू जवळचे ओक मारू शकतात. त्याचा लांबवर प्रसार मुख्यतः रोपवाटिकांतल्या रोपांमार्फत झाला. बॉक्सवूड या कुंपणाच्या सदाहरित झुडपाचा करपा त्याच्याखाली जमीन झाकायला लावल्या जाणाऱ्या पॅकिसँड्रावरही येतो. जास्वंद, भेंडी, कापूस, अंबाडी एकाच कुळातल्या असल्याने गुलाबी पिठ्या ढेकूण या सगळ्यांवर फिरतो.

म्हणून सोबती निवडताना कुळ आणि यजमानांची माहिती रंगसंगतीच्या आधी पाहावी. पूर्ण वाढीचा घेर धरून अंतर ठेवावे. पाणी मुळाशी, सकाळी द्यावे. गळलेली रोगट पाने उचलावीत, कात्री 70 टक्के अल्कोहोलने पुसावी आणि नवे रोप काही आठवडे वेगळे ठेवावे. रोडोडेंड्रॉनची मुळे उथळ असतात, तेव्हा त्याच्या बुंध्याशी वारंवार खणावे लागेल असे काही लावू नये.

प्रतिकारक वाण मिळत असेल तर तोच आधी घ्यावा. अमेरिकेच्या नॅशनल आर्बोरीटममध्ये डोनाल्ड एगॉल्फ यांनी लॅगरस्ट्रोमिया फौरी या जातीशी संकर करून भुरीला दाद न देणारे क्रेप मर्टल (एक फुलझुडूप) तयार केले. 1978 मध्ये प्रसारित झालेला ‘नॅचेझ’ हा त्यांतला पांढऱ्या फुलांचा वाण आजही लावला जातो.