दिव्यांग मुलांचा कोच व्हायचंय? तुमचे कागद आणि मुलाचे कागद

दिव्यांग मूल मैदानावर आलं की पहिला प्रश्न येतो, "दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट आहे का?" सरावाला ते लागत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 चं कलम 30 या मुलांचा खेळण्याचा हक्क मान्य करतं. मुलाला आजच खेळायला घ्या. कागद लागतात ते स्पर्धेच्या नोंदणीला, आणि तिथे उशीर झाला तर मूल बाहेर बसतं. म्हणून ही प्रक्रिया कोचला माहीत हवी.

आधी तुमचं. सगळे ज्याला नुसतं 'एनआयएस' म्हणतात, ते म्हणजे पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेचे अभ्यासक्रम. संस्था 1961 पासूनची. नोकरी करणारे क्रीडा शिक्षक सहसा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम निवडतात. पूर्णवेळ कोच व्हायचं असेल तर डिप्लोमा करा. त्याला पदवी आणि त्या खेळातली स्पर्धांमधली कामगिरी दोन्ही लागतं. वयाची अट आणि स्पर्धेचा स्तर त्या वर्षीच्या जाहिरातीतच बघा, मित्राच्या जुन्या माहितीवर जाऊ नका. जन्मतारखेचा पुरावा, पदवीच्या गुणपत्रिका, खेळाची प्रमाणपत्रं आणि वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला तयार ठेवा. खेळाचं प्रमाणपत्र मान्यताप्राप्त संघटनेचं आहे ना, हे अर्जाआधी तपासा.

आता मुलाचं, आणि खरी धावपळ इथेच आहे. मूळ कागद म्हणजे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांग व्यक्तीचं सरकारी ओळखपत्र. पालकांनी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा. सोबत मुलाचा फोटो, आधार आणि पत्त्याचा पुरावा लागतो. जुनं दिव्यांग प्रमाणपत्र असेल तर तेही जोडावं. मग निवडलेल्या रुग्णालयात तपासणी होते. जाताना आधीचे सगळे रिपोर्ट न्या. श्रवणदोष असेल तर ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, विसरू नका. तपासणीनंतर मिळणारा दिव्यांगत्वाचा दाखला देशभर चालतो. त्यावरची दिव्यांगत्वाची टक्केवारी चुकीची वाटली तर त्याच 2016 च्या कायद्याच्या कलम 59 खाली अपील करता येतं, आणि हे पालकांना सहसा कोणी सांगत नाही. तुम्ही सांगा. नाव, जन्मतारीख आणि वडिलांचं नाव आधार, शाळेचा दाखला आणि अर्जात अगदी सारखं असू द्या, वेलांटीचाही फरक नको.

सरकारी सवलतींसाठी 40 टक्के हा उंबरठा आहे, पण खेळात नुसती टक्केवारी पुरत नाही. पॅरा स्पर्धेत वर्गीकरण वेगळं होतं: मुलाची हालचाल किंवा दृष्टी तपासून गट ठरतो. कर्णबधिर मुलं पॅरालिम्पिकच्या गटांत बसत नाहीत. त्यांची डेफलिम्पिक्स वेगळी, आणि तिथे चांगल्या कानातही किमान 55 डेसिबल श्रवणदोष हवा. बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी स्पेशल ऑलिम्पिक्स आहे, स्पर्धेत उतरायला वय किमान 8 वर्षं. तिथे वैद्यकीय फॉर्म आणि पालकांची संमती आधीच भरून ठेवावी लागते. म्हणून मुलगा कुठल्या दारातून जाणार हे आधी ठरवा, मग कागद गोळा करा. चुकीच्या स्पर्धेच्या तयारीत मुलाचं वर्ष गेलेलं पाहवत नाही.

पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी 1972 साली हायडेलबर्गला पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकलं. सांगली जिल्ह्याच्याच सचिन खिलारींनी 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत रौप्य मिळवलं. असं मूल तुमच्याही तालुक्यात असू शकतं.

सरावात बदल थोडेच लागतात. ज्याला शिट्टी ऐकू येत नाही त्याला झेंडा दाखवा. न दिसणाऱ्या मुलासोबत दोरी धरून धावणारा जोडीदार द्या. आणि पॉक्सो कायदा, 2012 वाचून ठेवा: मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, कोच असो वा शिपाई.

यूडीआयडीच्या अर्जाची पोच पालकांकडे असतेच, पण तिची एक झेरॉक्स तुमच्या फाइलमध्येही ठेवा. कार्ड येईपर्यंत अर्ज कुठे अडला आहे हे पोचेवरच्या क्रमांकावरून पोर्टलवर बघता येतं.