राजमा कडक राहतो तो मिठामुळे नव्हे

राजमा भिजवताना मीठ घालू नका, तो कडक राहतो, असा सल्ला सर्रास दिला जातो. चिली कॅसरोल (राजमा, खिमा आणि टोमॅटोवर चीज पसरून ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ) करणारे मग मीठ शेवटी घालतात, अर्धवट शिजलेला राजमा टोमॅटोत टाकतात आणि उरलेलं काम ओव्हनवर सोपवतात. तासाभरानं चीज करपलेलं असतं आणि राजमा दाताखाली कचकचतो. दोष मिठाचा नसतो, टोमॅटोचा असतो.

दाण्यातल्या पेशी पेक्टिननं एकमेकींना चिकटलेल्या असतात, विटांमध्ये चुना भरावा तशा. पेक्टिन म्हणजे गॅलॅक्टुरोनिक आम्लाच्या रेणूंची लांब साखळी. तिच्यावर जागोजागी ऋणभार असतो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या आयनांवर दोन-दोन धनभार असल्यानं एकच आयन शेजारच्या दोन साखळ्या बांधून ठेवतो. सोडियमवर भार एकच. तो साखळीला चिकटतो, पण दोघींना जोडू शकत नाही. मिठाच्या पाण्यात सोडियमची रेलचेल असते. तो सालीतल्या कॅल्शियमला हुसकावून जागा घेतो आणि सालीची वीण सैल होते. म्हणजे मीठ राजमा मऊ करतं!

पण वीण सैल होणं पुरेसं नाही, साखळी तुटायलाही हवी. उकळत्या पाण्यात ती मुख्यतः बीटा-एलिमिनेशननं तुटते: साखळीतल्या मिथाइल गट असलेल्या घटकाच्या पाचव्या कार्बनवरचा हायड्रोजन हायड्रॉक्साइड आयन ओढून घेतो आणि चौथ्या कार्बनपाशी दुवा सुटतो. आम्लात हायड्रॉक्साइड अगदी कमी असतो. टोमॅटोचा पीएच (हा आकडा ७ च्या जितका खाली, तितकं आम्ल जास्त) साधारण ४.३ असतो आणि तिथे ही क्रिया फार मंदावते. डब्यातल्या टोमॅटोच्या फोडी असतील तर आणखी अडचण, कारण फोडींचा आकार टिकावा म्हणून त्यांत बऱ्याचदा कॅल्शियम क्लोराइड घातलेलं असतं. चिमूटभर खाण्याचा सोडा पीएच वाढवतो, म्हणून त्यानं राजमा लवकर शिजतो. जास्त झाला तर साबणासारखी चव येते आणि दाण्यांचा लगदा होतो.

तेव्हा २५० ग्रॅम राजमा १ लिटर पाण्यात १५ ग्रॅम मीठ घालून ८ ते १२ तास भिजवा. ते पाणी ओतून द्या, नव्या पाण्यात ३० मिनिटं खळखळ उकळा, मग मंद आचेवर पूर्ण मऊ होऊ द्या. बोटांत दाबल्यावर मध्ये पिठूळ कणी लागता कामा नये. खळखळ उकळणं टाळू नका: कच्च्या लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे एक बाधणारं प्रथिन, असतं, आणि चार-पाच कच्चे दाणेही उलट्या-जुलाबांना पुरतात. ८० अंशांपर्यंतच तापवलेला राजमा कच्च्याहूनही जास्त बाधू शकतो, म्हणून कमी आचेच्या स्लो कुकरमध्ये तो थेट घालू नये. ‘कच्चं तेच पौष्टिक’ हा प्रचार निदान राजम्याच्या बाबतीत धोकादायक आहे.

बाकीचं काम सरळ आहे. ४०० ग्रॅम खिमा पसरट कढईत थोडा-थोडा घालून न ढवळता तांबूस होऊ द्या. एकदम सगळा घातला की पाणी सुटतं आणि खिमा भाजण्याऐवजी उकडतो. त्याच चरबीत दोन कांदे परता, मग २ चमचे तिखट आणि १ चमचा जिरेपूड अर्धा मिनिट मंद आचेवर परता; तिखटपणा देणारं कॅप्सेसिन चरबीत विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाही. आता ४०० ग्रॅम टोमॅटो घालून आटवा. डाव फिरवल्यावर कढईच्या तळाशी रेघ क्षणभर टिकली, की राजमा मिसळा. पातळ ठेवलंत तर झाकलेल्या भांड्यात ते आटणार नाही.

ओव्हन १८० अंशांवर तापवून कॅसरोल फॉइलखाली २० मिनिटं ठेवा. हवा १८० अंशांची असली तरी आत पाणी आहे तोवर मिश्रण १०० च्या वर जात नाही, शिवाय त्यात टोमॅटोचं आम्ल असतं, त्यामुळे कच्चा राजमा इथे शिजण्याची आशा धरू नये. मग फॉइल काढून १५० ग्रॅम किसलेलं चीज पसरा आणि आणखी १२-१५ मिनिटं भाजा. चीज सुरुवातीलाच घातलं तर त्यातलं प्रथिनांचं जाळं आकसतं आणि तूप बाहेर पिळून निघतं. वाढण्याआधी १० मिनिटं थांबा. राजम्यातलं सुटलेलं स्टार्च तेवढ्यात दाट होतं आणि चमच्यानं काढलेला भाग ताटात पसरत नाही.