कोरोमंडल

कोरोमंडल : भारताच्या आग्नेय किनारपट्टीचे नाव. न्यूझीलंडमधील एक द्वीपकल्प, दक्षिण ऑस्ट्रेलियातील एक दरी आणि ब्राझीलमधील एक गाव यांनाही हेच नाव आहे. या जागांची ठेवण एकमेकींशी जुळत नाही. न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियात हे नाव पोचले ते जहाजांमुळे.

मूळ शब्द तमिळ ‘चोळमंडलम्’, म्हणजे चोळांचा प्रदेश. पोर्तुगीजांच्या लिखाणात ‘ळ’चा ‘र’ झाला आणि ‘च’साठी लिहिलेली अक्षरे पुढे इतर युरोपीयांनी ‘क’ अशी वाचली. चेन्नईच्या उत्तरेला असलेल्या पुलिकतजवळच्या ‘करिमणल’ (काळी वाळू) या गावावरून नाव पडले असेही काही जुने लेखक सांगत, पण ती व्युत्पत्ती फारशी स्वीकारली गेलेली नाही. मराठीत ‘ळ’ असताना मूळ किनाऱ्याला चोळमंडल म्हणणेच योग्य ठरते.

हा किनारा साधारणपणे दक्षिणेस कोडियक्कराईपासून उत्तरेस कृष्णेच्या मुखापर्यंत धरतात. पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ईशान्य मोसमी वाऱ्यांनी पडतो. कोकण जून-जुलैत भिजत असते तेव्हा येथे ऊनच असते. कोकणाशी दुसरा फरक खाड्यांचा. येथे किनारा सरळ, सपाट आणि वाळूचा असल्याने जहाजाला आडोसा मिळत नाही. मोठी गलबते खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहत आणि माल व माणसे मसुला होड्यांतून किनाऱ्याला येत. या होड्यांच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसून काथ्याने शिवलेल्या असत आणि आत वाकांचा, म्हणजे लाकडी फासळ्यांचा, सांगाडाही नसे. फुटत्या लाटांच्या एकामागून एक ओळी ओलांडताना होडी वाळूवर आपटे. खिळ्यांची ताठ होडी तिथे उकलली असती, शिवलेली मात्र लवचीकपणे तो मार सोसून घेई. ऑक्टोबरपासून चक्रीवादळांची भीती असल्याने जहाजे त्याआधीच सुरक्षित बंदर गाठत. 1746 च्या ऑक्टोबरात मद्राससमोर उभ्या राहिलेल्या फ्रेंच आरमाराची वादळाने अशीच दाणादाण उडवली. पुढे 19व्या शतकाच्या उत्तरार्धात मद्रासला समुद्रात भिंती घालून कृत्रिम बंदर बांधले. त्याचा परिणाम आजही दिसतो. या किनाऱ्यावर वाळू एकंदरीत दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. भिंतींनी ती अडली, दक्षिणेला साचून मरीनाची चौपाटी रुंदावली आणि उत्तरेला रोयापुरमचा किनारा वाळूअभावी खचत गेला.

अशा गैरसोयीच्या किनाऱ्यावर व्यापारी टिकले ते कापडासाठी. इथले रंगीत कापड देऊन आग्नेय आशियात मसाले घेता येत. रंग पक्का होण्याचे रहस्य पूर्वतयारीत होते. सुती कापड हिरड्याच्या काढ्यात आणि म्हशीच्या दुधात बुडवून वाळवत. दुधातल्या स्निग्धांशामुळे कलमाने काढलेली रेघ फुटत नाही. दूध कमी पडले तर रंग पसरून नक्षीची कड बिघडते. काळ्या रेघेसाठी गंजके लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवत. लाल हवा तिथे आधी तुरटीचे पाणी लावत आणि मग कापड ‘सायवेर’ या मुळीच्या रंगात उकळत. तुरटी लागलेल्या जागीच लाल रंग धरतो, बाकीचा धुऊन व उन्हात टाकून काढावा लागतो. मच्छलीपट्टणमच्या कलमकारीत आज कलमापेक्षा लाकडी ठसेच अधिक चालतात.

डच पुलिकतला, डेन 1620 मध्ये तरंगंबाडीला, इंग्रज 1639 मध्ये मद्रासला आणि फ्रेंच 1674 मध्ये पाँडिचेरीला आले, ते या कापडामागेच. मराठ्यांचा संबंधही जवळचा आहे. 1670च्या दशकात व्यंकोजीराजांनी तंजावरला राज्य स्थापले आणि ते घराणे 1855 पर्यंत टिकले. कारैकल फ्रेंचांकडे गेले ते 1739 मध्ये, तंजावरकरांकडूनच. कोडियक्कराईच्या पश्चिमेला, पाल्कच्या उपसागरावर सरफोजीराजांनी बांधलेला मनोरा आहे. नेपोलियनविरुद्ध इंग्रजांना मिळालेल्या विजयाची ती आठवण. त्याचे नावही ‘मनोरा’च.

न्यूझीलंडचे कोरोमंडल द्वीपकल्प उत्तर बेटावर, ऑकलंडच्या पूर्वेला आहे. लांबी सुमारे 85 किमी, सर्वांत उंच शिखर मोएहाऊ (892 मी.). 1820 मध्ये ‘कोरोमंडल’ हे ब्रिटिश आरमाराचे जहाज डोलकाठ्यांसाठी कौरी वृक्षाचे सोट न्यायला येथे आले आणि नाव चिकटले. या जहाजाचे आधीचे नाव ‘मलबार’ होते. ते 1815 मध्ये बदलले नसते, तर कदाचित आपला पश्चिम किनाराच तिकडे नकाशावर दिसला असता. न्यूझीलंडचे मूळ रहिवासी माओरी या भूमीला माउईच्या (त्यांच्या पुराणकथांतील वीराच्या) माशाचा काटा म्हणतात. 1852 मध्ये येथे सोने सापडले, पण बहुतेक सोने खडकातल्या गारेच्या (क्वार्ट्झच्या) शिरांत अडकलेले होते. थाळीत वाळू गाळणाऱ्या एकट्या माणसाच्या हाती फारसे लागत नसे. दगड कुटणारी यंत्रे लागत, त्यासाठी भांडवल लागे, म्हणून खाणी कंपन्यांकडे गेल्या.

पूर्व किनाऱ्यावरच्या ‘हॉट वॉटर बीच’वर वाळूखाली उष्ण झरे आहेत. ओहोटीच्या आधी व नंतर दोन तास खड्डा खणून त्यात बसता येते. झऱ्याचे पाणी 64 अंश सेल्सियसपर्यंत तापलेले असल्याने नेमके तोंडावर खणले तर भाजते. थोडे बाजूला खणून समुद्राचे थंड पाणी आत येऊ द्यावे. लाटा मोठ्या असतील तर ओहोटीतही खड्डे बुजतात. समोरच्या पाण्यात ओढ जबरदस्त असल्याने तेथे पोहणे धोक्याचे आहे.

दक्षिण ऑस्ट्रेलियातील कोरोमंडल व्हॅली ॲडलेडच्या टेकड्यांत आहे. जानेवारी 1837 मध्ये वसाहतवाल्यांना घेऊन आलेल्या ‘कोरोमंडल’ जहाजावरचे काही खलाशी पळून या दरीत लपले, त्यावरून नाव पडले. हे जहाज वेगळे, न्यूझीलंडला गेलेले नव्हे. या दोघांची गल्लत वारंवार होते. ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यातले कोरोमंडल समुद्रापासून फार दूर असून हिऱ्यांसाठी ओळखले जाते. 1938 मध्ये त्याच्या परिसरात 726.6 कॅरटचा ‘जेतुलियो व्हार्गास’ हिरा सापडला.

वस्तूंच्या नावांतही हा शब्द फसवतो. कोरलेल्या लाखकामाचे ‘कोरोमंडल पडदे’ चीनमध्ये बनत. या किनाऱ्यावरून ते युरोपला जात, एवढाच संबंध. ‘कोरोमंडल एबनी’ मात्र आपल्या ओळखीची आहे : ते टेंभुर्णीचे, म्हणजे तेंदूचे लाकूड, आणि त्याच झाडाची पाने विदर्भात उन्हाळ्यात विड्यांसाठी तोडली जातात.