रक्तद्रववर्धक द्रावणे आणि रक्त गोठणे

शस्त्रक्रियेत रक्तस्राव झाल्यावर रक्ताभिसरण टिकवण्यासाठी शिरेतून दिली जाणारी मोठ्या रेणूंची द्रावणे. जिलेटिन, हायड्रॉक्सिएथिल स्टार्च, डेक्स्ट्रान व अल्ब्युमिन ही त्यांतली प्रमुख. ऑपरेशन थिएटरमध्ये त्यांना सर्रास ‘प्लाझ्मा एक्स्पांडर’ म्हणतात. रक्तदाब सावरला म्हणून जखमेतला झिरपा थांबतोच असे नाही; कित्येकदा तो याच द्रावणांमुळे वाढतो.

पहिले कारण रक्त पातळ होणे. हे सलाइन आणि रिंगर लॅक्टेट या साध्या क्षारद्रावणांनीही होते. गोठण्याच्या घटकांपैकी फायब्रिनोजेन (ज्यापासून गुठळीचे फायब्रिन धागे बनतात ते प्रथिन) सर्वांत आधी धोक्याच्या पातळीखाली जाते, बिंबाणू (प्लेटलेट) बरेच नंतर. कारण बिंबाणूंचा साठा प्लीहेत असतो, फायब्रिनोजेनचा असा राखीव साठा नसतो. निरोगी माणसात ते लिटरला २ ते ४ ग्रॅम असते. मोठा रक्तस्राव चालू असताना ते १.५ च्या खाली जाऊ देऊ नये.

दुसरे कारण द्रावणाच्या स्वतःच्या रेणूंत असते. स्टार्चमुळे आठवा घटक व फॉन विलेब्रांड घटक ही गोठण्याला लागणारी प्रथिने कमी होतात, बिंबाणू नीट चिकटत नाहीत आणि फायब्रिनची जाळी विरळ विणली जाते. गुठळी होते, पण लिबलिबीत. बोट लावताच सुटते. ४५०/०.७ (पहिला आकडा रेणुभार, किलोडाल्टनमध्ये; दुसरा हायड्रॉक्सिएथिल गटांचे प्रमाण) सारख्या जड, उशिरा विघटित होणाऱ्या स्टार्चचा हा दोष ठळक, १३०/०.४ चा कमी, पण शून्य नव्हे. मूत्रपिंडांची हानी व मृत्यूंचा वाढलेला धोका यांमुळे युरोपात स्टार्चचा परवाना २०२२ मध्ये निलंबित झाला. डेक्स्ट्रान तर गुठळ्या टाळण्यासाठीही वापरले जाई, यावरूनच त्याचा परिणाम कळावा. त्याची मर्यादा दिवसाला किलोमागे १.५ ग्रॅम. ते तांबड्या पेशींवर लेपासारखे बसते व क्रॉसमॅचमध्ये (दात्याचे रक्त रुग्णाला जुळते का, या चाचणीत) गोंधळ घालते, म्हणून रक्तगटाचा नमुना आधीच काढून ठेवावा. जिलेटिनचा परिणाम सौम्य, अल्ब्युमिनचा त्याहून कमी.

निदानात फसगत होते ती इथे. गुठळी कमकुवत असतानाही पीटी व एपीटीटी या रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या चाचण्या जवळपास ठीक येऊ शकतात. स्टार्च दिल्यावर प्रकाशावर चालणाऱ्या यंत्राने मोजलेले फायब्रिनोजेन खोटे जास्त दिसते. सर्पदंशात वापरतात ती २० मिनिटांची काचनळीची चाचणीही (काचनळीत ठेवलेले रक्त तेवढ्या वेळात गोठते का, हे पाहणे) पुरेशी नाही. फायब्रिनोजेन तळाला गेल्यावरच ती बिघाड दाखवते. सोय असेल तिथे रोटेम (गुठळीचा घट्टपणा मोजणारे यंत्र) यावरील फिबटेम ही फायब्रिनोजेनचा वाटा दाखवणारी चाचणी पाहावी.

टाके नीट बसूनही सुईच्या छिद्रांतून रक्त येत असेल, तर आणखी एक बाटली लावण्याआधी थांबावे. रुग्णाचे तापमान ३६ अंशांवर ठेवावे, आयनित कॅल्शियम व आम्लता तपासावी आणि फायब्रिनोजेन कमी असल्यास क्रायोप्रेसिपिटेट (रक्तद्रवापासून काढलेला फायब्रिनोजेनयुक्त घटक) किंवा फायब्रिनोजेन कॉन्सन्ट्रेट द्यावे. हीमॅक्सेल या जिलेटिन द्रावणात लिटरला ६.२५ मिलिमोल कॅल्शियम असते. पिशवीतले रक्त न गोठण्यासाठी त्यात सायट्रेट घातलेले असते आणि ते कॅल्शियम बांधून ठेवते; म्हणून त्याच नळीतून असे रक्त सोडले, तर ते नळीतच गोठू शकते.